सनीला माफ कोणी केले? ‘द अपॉसल’मधील प्रवचनकार आणि त्याची मंडळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रॉबर्ट ड्युव्हाल यांनी लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच प्रमुख भूमिका केलेला ‘द अपॉसल’ हा १९९७ सालचा चित्रपट पाहून तुम्ही अस्वस्थ झालात. ज्या सनी नावाच्या प्रवचनकाराने रागाच्या भरात दुसऱ्याचा जीव घेतला, त्याच माणसाच्या शेवटच्या प्रवचनात तुम्ही नकळत मान डोलावत होतात, आणि दिग्दर्शकाने आपल्याला हातोहात फसवले की काय, अशी शंका तुमच्या मनात आली. शिवाय तुम्ही स्वतः एका प्रवचनकारावर पटकथा लिहीत आहात आणि त्याचे दोष किती व कुठे दाखवावेत, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी गेली अठ्ठावीस वर्षे चित्रपट आणि माहितीपट यांचे संकलन करतो आहे. त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या टेबलावरून दिलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

माझ्या मते हा चित्रपट सनीला माफ करत नाही, आणि त्याच्यावर खटलाही चालवत नाही. माफीचे काम त्याने सनीच्या देवावर सोडले आहे आणि खटल्याचे काम पोलिसांवर. स्वतःकडे त्याने एकच काम ठेवले आहे: ज्या गुणामुळे माणसे सनीच्या मागे जातात आणि ज्या अवगुणामुळे त्याच्या हातून माणूस मरतो, ते दोन्ही एकाच मुळातून कसे फुटतात, हे दाखवण्याचे. तुम्हाला आलेली अस्वस्थता हे या कामाचेच फळ आहे, ती फसवणूक नव्हे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा सांगतो. युलिस ड्यूई ऊर्फ सनी हा टेक्सासमधला पेंटेकोस्टल या उत्कट उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा लोकप्रिय प्रवचनकार आहे. स्त्रीलंपट आहे, संतापी आहे, आणि त्याची बायको जेसी त्याला कंटाळून मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, होरेस नावाच्या तरुण पाळकाच्या आश्रयाला गेली आहे. संस्थेच्या नियमांचा आधार घेऊन ती सनीला त्याने उभारलेल्या मंडळीतूनच बाहेर काढते. मुलांचा खेळ चालू असलेल्या मैदानावर सनी सगळ्यांसमोर होरेसच्या डोक्यात बॅट घालतो. होरेस बेशुद्ध होतो आणि पुढे मरतो. सनी पळून जातो, गाडी पाण्यात बुडवतो, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देतो आणि ‘प्रेषित ई. एफ.’ असे नवे नाव घेऊन लुइझियानातल्या एका लहान गावी येतो. तिथे ब्लॅकवेल नावाच्या निवृत्त कृष्णवर्णीय पाळकाच्या मदतीने एक पडके प्रार्थनामंदिर तो पुन्हा उभे करतो, रेडिओवरून बोलू लागतो, आणि त्याच रेडिओमुळे जेसीला त्याचा ठावठिकाणा कळतो. पोलीस येतात. कथा म्हणून एवढेच आहे, पण हे सांगायला चित्रपट सुमारे सव्वादोन तास घेतो आणि त्यातला बराच वेळ उपासनेत जातो.

आता हा वेळ का घेतला, ते पाहू.

अमेरिकन पडद्यावर प्रवचनकार आला की तो भोंदू निघणार, हे प्रेक्षक तिकीट काढतानाच गृहीत धरत असत. ‘एल्मर गँट्री’मध्ये (१९६०) बर्ट लँकेस्टर यांनी रंगवलेला उपदेशक मुळात फिरता विक्रेता असतो. त्या भूमिकेसाठी लँकेस्टर यांना ऑस्कर मिळाले आणि तो नमुना पक्का झाला. १९७२ सालच्या ‘मार्जो’ या माहितीपटाने तर पुढची पायरी गाठली. मार्जो गॉर्टनर हा लहानपणापासून व्यासपीठावर उभा केलेला उपदेशक. श्रद्धा कधीच उडून गेलेली असताना पोटासाठी तो सभा घेत राहिला आणि शेवटच्या दौऱ्यात त्याने चित्रण करणाऱ्यांना सोबत घेऊन आपल्या सगळ्या युक्त्या उघड केल्या. नंतर १९८७ मध्ये जिम बेकर या उपदेशकाचे दूरचित्रवाणी साम्राज्य कोसळले, १९८८ मध्ये जिमी स्वॅगर्ट या दुसऱ्या दूरचित्रवाणी उपदेशकाने कॅमेऱ्यासमोर रडत पापाची कबुली दिली, आणि प्रवचनकार म्हणजे पैसा आणि बाई, हे समीकरण घरोघरी पोहोचले.

ड्युव्हाल यांनी या समीकरणाला हात लावला नाही. सनीला बाई आहे, दागिन्यांची आणि गाडीची हौस आहे; हे सगळे पडद्यावर आहे. मात्र त्याची श्रद्धा खरी आहे की खोटी, हा प्रश्न चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच निकालात काढतो. ती खरी आहे. इथे गंमत अशी होते की श्रद्धा खोटी असती तर प्रेक्षकाचे काम सोपे झाले असते. ढोंग उघडे पडायची वाट पाहायची, ते पडले की टाळी वाजवायची आणि घरी जायचे. श्रद्धा खरी ठरल्यावर ही पळवाट बंद होते, आणि खऱ्या श्रद्धेच्या माणसाने बॅट उचलली याचे काय करायचे, हा प्रश्न थेट आपल्या मांडीवर येऊन बसतो.

सुरुवातीचा अपघाताचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. सनी आईला घेऊन गाडीतून चालला आहे. वाटेत मोठा अपघात दिसतो. आईला गाडीतच बसवून तो बायबल घेऊन उतरतो आणि पोलिसांच्या नजरेआडून शेतात फेकल्या गेलेल्या एका गाडीपाशी जातो. आत एक तरुण मरणपंथाला लागलेला आहे. सनी खिडकीतून डोके आत घालून त्याच्याशी बोलू लागतो. बोलणे हळू, आपुलकीचे, जवळजवळ लाडीगोडीचे आहे. मात्र त्यात एक जबरदस्तीही आहे. हा मुलगा ‘हो’ म्हणेपर्यंत हा माणूस इथून हलणार नाही, हे आपल्याला कळते. पोलीस त्याला बाजूला करू पाहतो, तरी तो हटत नाही. शेवटी मुलगा ‘हो’ म्हणतो आणि सनी एखादा सौदा पटल्यासारखा खूश होऊन आईकडे परततो.

इथे तुम्हाला काय वाटले, हे स्वतःला विचारून पाहा. मला पहिल्यांदा पाहताना गहिवरून आले होते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की मरणाऱ्या अनोळखी माणसाच्या अंगावर इतके ओणवे होण्याचा अधिकार याला कोणी दिला, हा प्रश्न सनीला सुचतच नाही. दुसऱ्याची हद्द त्याला दिसत नाही. त्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट करुणेसारखी दिसते, जेसीच्या बाबतीत तिचीच दहशत होते आणि होरेसच्या डोक्यावर ती बॅट होऊन उतरते. म्हणून म्हणतो, मैदानावरचा प्रसंग झटक्यात उरकला आहे याचे आश्चर्य वाटायला नको. त्याची तयारी त्या गाडीच्या खिडकीपाशीच झालेली आहे. तिथे संकलकाने रेंगाळण्याचे कारण नव्हते.

माळ्यावरचा प्रसंगही याच धाग्यातला. मंडळी हातची गेल्यानंतर सनी आईच्या घरी रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत देवावर ओरडतो, जाब विचारतो, प्रेमही करतो. शेजारी फोन करून तक्रार करतो, तर आई शांतपणे सांगते की हा लहानपणापासून कधी देवाशी बोलतो आणि कधी देवावर ओरडतो. आज ओरडायची रात्र आहे, इतकेच. जून कार्टर कॅश यांनी ही आई इतकी सहज उभी केली आहे की हसू येते. मराठी माणसाला या प्रसंगात परके वाटण्यासारखे फारसे काही नाही. जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आणि तुकोबांचे देवाशी भांडण आपण ऐकतच वाढलो आहोत. फरक एवढाच की आपण ते संतांच्या तोंडून ऐकतो. एका रागीट, घटस्फोटाच्या दारात उभ्या असलेल्या आणि दुसऱ्या दिवशी काय करेल याचा नेम नसलेल्या माणसाच्या तोंडून तीच सलगी ऐकली की ती पवित्रही वाटते आणि धोक्याचीही.

आता प्रभावाकडे वळतो, कारण तुमच्या पटकथेची खरी अडचण तिथे असावी असा माझा कयास आहे. नवा लेखक प्रवचनकाराचा प्रभाव दाखवण्यासाठी त्याला उत्तम वाक्ये लिहून देतो. सनीची प्रवचने कागदावर उतरवून वाचलीत तर त्यांत विशेष असे काही सापडणार नाही. तेच तेच शब्द, तीच नावे, तेच पालुपद. प्रभाव शब्दांत नाही. तो शब्दानंतर येणाऱ्या उत्तरात आहे. कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या उपासनेत बोलणारा एक ओळ टाकतो आणि बाकांवरून ‘आमेन’ येतो; त्या ‘आमेन’च्या जोरावर पुढची ओळ चढते. आपल्याकडे वारकरी कीर्तनात बुवा चरणाचा शेवट मोकळा सोडतात आणि मागचे टाळकरी तो उचलतात. टाळकरी थंड असतील तर कसलेल्या बुवांचेही कीर्तन पडते, हे ज्याने गावच्या सप्ताहात एकदा तरी रात्र काढली आहे, त्याला वेगळे सांगायला नको.

ड्युव्हाल यांना हे मुळापासून ठाऊक होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका भूमिकेच्या तयारीसाठी ते आर्कन्सॉ राज्यातल्या ह्यूज या लहान गावी गेले होते. तिथल्या पेंटेकोस्टल उपासनेने ते इतके भारावले की पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या मंडळ्यांमध्ये जाऊन बसत राहिले. पटकथा ऐंशीच्या दशकात लिहून झाली, पण कोणी पैसे लावेना, म्हणून अखेर स्वतःच्या खिशातले सुमारे ५० लाख डॉलर घालून त्यांनी चित्रपट काढला. त्यात त्यांनी खरे उपदेशक आणि खरी भाविक माणसे घेतली. त्यांना संवाद पाठ करण्याची गरज नव्हती, कारण त्यांना उत्तर द्यायचे ठाऊक होते. त्यामुळे उपासनेच्या प्रसंगांत सनी आणि त्याला उत्तर देणारी माणसे अनेकदा एकाच चौकटीत दिसतात, आणि कट यायला हवा असे वाटते तिथे तो येत नाही.

याचे मोल मला एका चुकीमुळे कळले, म्हणून ती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका ग्रामीण प्रवचनकारावरचा माहितीपट माझ्याकडे संकलनाला आला होता. निर्मात्यांना तो माणूस भोंदू दिसायला हवा होता आणि खरे सांगायचे तर मलाही तेच वाटत होते. तो काही अचाट विधान करी, आणि मी त्यावर तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा मान डोलावणारा चेहरा लावी. हिरव्या लुगड्यातल्या, मांडीवर कापडी पिशवी धरलेल्या त्या बाईंचा तो शॉट इतका बोलका होता की मी तो तीन ठिकाणी वापरला. वास्तविक तो शॉट अभंग चालू असतानाचा होता. बाई अभंगाला डोलत होत्या. गावात चित्रपट दाखवल्यावर त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाला, “साहेब, आमची आई त्या बोलण्याला मान हलवत नव्हती.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रवचनकाराला उघडे पाडण्याच्या नादात मी त्याच्या श्रोत्यांना मूर्ख ठरवले होते, तेही उसन्या शॉटवर.

बोलणारा आणि ऐकणारा एकाच चौकटीत ठेवले की अशी उसनवारी करताच येत नाही. कोण कशाला उत्तर देतो आहे, हे तिथे उघड दिसते. ‘द अपॉसल’मधले श्रोते भोळे दिसत नाहीत, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण ब्लॅकवेल. जॉन बीझली यांनी केलेला हा म्हातारा पाळक सनीला पाहताक्षणी भुलत नाही. हा कोण, कुठला, याचा भूतकाळ काय, याविषयी त्याच्या डोळ्यांत शेवटपर्यंत एक शंका आहे. तो सनीला संधी देतो, पण नजरही ठेवतो. तुमच्या पटकथेत असा एक शहाणा साशंक माणूस जरूर ठेवा. प्रवचनकारावर विश्वास ठेवणारी व्यक्ती बुद्धिमान असेल, तरच त्याच्या प्रभावाला किंमत येते.

बुलडोझरचा प्रसंग पुष्कळांना सगळ्यात आवडतो आणि मला त्याविषयी थोडी कुरकुर आहे. गोरे आणि काळे एकत्र बसतात हे न खपलेला एक इसम, बिली बॉब थॉर्नटन यांनी केलेला, आधी उपासनेच्या ठिकाणी येऊन कुरापत काढतो. सनी त्याला बाहेर नेऊन चक्क बुकलून काढतो. नंतर तो बुलडोझर घेऊन प्रार्थनामंदिर पाडायला येतो. सनी जमिनीवर बायबल ठेवतो आणि मंडळी त्याच्यामागे उभी राहतात. तो इसम पुस्तक हलवण्यासाठी खाली वाकतो आणि तिथेच कोसळून रडू लागतो. सनी त्याच्या शेजारी गुडघे टेकून हळू आवाजात बोलत राहतो. अभिनय दोघांचाही अव्वल आहे. अपघातातल्या त्या मुलाशी सनी ज्या स्वरात बोलला होता, तोच स्वर इथे परत येतो, ही बांधणीही मला मान्य आहे. पण द्वेषाने भरलेला माणूस इतक्या लवकर विरघळतो, हे लेखकाने सनीला दिलेले बक्षीस वाटते. तरी एक गोष्ट विसरू नये: आधीच्या मारामारीमुळे प्रेक्षकाला खात्री नसते की या वेळी सनी पुस्तक पुढे करील की मूठ. ही अनिश्चितता नसती तर हा प्रसंग शाळेतल्या बोधकथेसारखा झाला असता.

चित्रपट जिथे कमी पडतो, तेही सांगायला हवे, कारण तुमच्या शंकेत तथ्य आहे आणि ते इथे आहे. फॅरा फॉसेट यांची जेसी फार थोडा वेळ दिसते. ती सनीला घाबरते, हे त्या आपल्या बसण्या-उठण्यातून, बोलता बोलता थांबण्यातून दाखवतात. मात्र इतकी वर्षे त्या घरात काय घडत होते, हे ऐकून घ्यायला चित्रपट थांबत नाही. होरेस तर नावापुरताच आहे. त्याचा मृत्यू सनीला फोनवर कळतो आणि आपल्यालाही तसाच कळतो. त्याच्यासाठी कोणी रडताना दिसत नाही. सव्वादोन तासांत त्याच्या वाट्याला अंथरुणावरची दोन मिनिटे जरी आली असती, तरी तुमचे डोलणे तुम्हाला अधिक जड गेले असते. कृष्णवर्णीय मंडळींबाबतही असेच म्हणता येईल. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांतून ही पेंटेकोस्टल चळवळ पसरली, आणि त्या सभांना गोरे व काळे एकत्र येत असत. त्यामुळे सनीची संमिश्र मंडळी ही इतिहासाला सोडून केलेली कल्पना नव्हे. तरीही खोटे नाव घेऊन आलेल्या गोऱ्या माणसाच्या हाती त्यांनी आपले प्रार्थनामंदिर दिले, हे उघड झाल्यावर त्यांना काय वाटले, हे विचारण्याचे चित्रपटाने टाळले आहे. ड्युव्हाल यांना सनीविषयी माया होती आणि ती काही ठिकाणी कॅमेऱ्याच्या आड आली, असे माझे मत आहे.

आता तुमच्या पटकथेविषयी. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात प्रवचनकाराचा दोष पूर्वार्धात दडवून मध्यंतरापाशी उघड करण्याची योजना आहे. ती सोडून द्यावी, असे मी सुचवीन. दोष दडवला की तो रहस्य होतो, आणि रहस्य उलगडले की प्रेक्षक आधीचे सगळे डोलणे मागे घेऊन मोकळा होतो. दोष पहिल्या प्रसंगापासून उघड्यावर ठेवा, मात्र तो गुणाच्याच वेषात येऊ द्या. तुमचा प्रवचनकार एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसत असेल, तर त्याच रात्री स्वतःच्या घरी कोण ताटकळले आहे, हे एका शॉटमध्ये दिसू द्या. त्यावर संवाद लिहू नका. आणि प्रवचनाच्या प्रसंगांत त्याची वाक्ये निम्मी करून ती जागा श्रोत्यांना द्या. कोण उत्तर देतो, कोण उशिरा देतो, कोण एकदा दिल्यावर पुन्हा देत नाही, हे लिहा. तुमच्या कागदावर सध्या श्रोत्यांसाठी ‘गर्दी भारावते’ एवढेच दोन शब्द आहेत.

शेवटाविषयी तुम्ही विचारले आहे की त्याला शिक्षा झालेली दाखवावी काय. ‘द अपॉसल’मध्ये ती दाखवली आहे, पण कशी, ते पाहा. शेवटच्या उपासनेत पोलीस दाराशी येऊन थांबतात. सनी त्यांना पाहतो आणि तरी प्रवचन पूर्ण करतो. ते प्रवचन लांबत जाते, आणि आपण त्यात गुंगलो असताना बाहेर उभे असलेले पोलीसही आपल्या मनात उभे राहतात. एकाच वेळी हे दोन्ही भान जागे राहावे, यासाठी तो प्रसंग इतका लांब ठेवला आहे. संकलनात कोणीतरी तो आखूड करण्याचा आग्रह नक्की धरला असता. दिग्दर्शकाचे स्वतःचे पैसे असल्याचा फायदा इथे झाला असावा, अशी माझी गंमतीची समजूत आहे. मग अटक होते, आणि नामावली सुरू होते. पडद्यावर कैद्यांची एक तुकडी रस्त्याच्या कडेला राबते आहे. त्यात सनी आहे. हात चालू आहेत, तोंडही चालू आहे. तो एक हाक देतो आणि राबणारे कैदी त्याला उत्तर देतात, पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, आणि नावे वर सरकत राहतात.